हरवला, म्हणाले

प्रिय भिंगरी,

परवा बोलता बोलता फोन तुटला असं तुला वाटलं असेल. तुटला नव्हता. तू जे विचारलंस ते ऐकून माझी वाचाच बसली आणि मी बटण दाबून टाकलं. माझी वाचा बसली, बघ! शाळेत बाकावर उभं केलं तरी जिची टकळी बंद व्हायची नाही, तिची. नंतर तू पुन्हा पुन्हा फोन केलास आणि मी उचलला नाही. रागावू नकोस. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते एका वाक्यात मावणारं नाही. फोनवर तू मध्येच रडशील, मग मी रडेन, आणि सांगायचं ते तसंच राहील. म्हणून आज दुकानाला सुट्टी आहे तर लिहायला बसले. खिडकीखालचा रस्ता रिकामा आहे. समोरच्या इमारतीत कुणीतरी कठड्यावर गालिचा झटकतंय. माझा चहा दोनदा गार झाला, तिसऱ्यांदा केलेला नाही.

आधी जरा मागचं सांगते. आम्ही इकडे आलो तेव्हा मला इंग्रजी येत होतं अशी माझी समजूत होती. शाळेत मार्क चांगले होते ना! पण ते पुस्तकातलं इंग्रजी. इथले लोक जे बोलतात त्यात शब्द सगळे ओळखीचे, आणि वाक्याचा अर्थ मात्र भलत्याच गावाला गेलेला. मी कपडे धुण्याच्या दुकानात मागच्या खोलीत कपडे कमी-जास्त करायच्या कामाला लागले होते, हे तुला माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी मालकीणबाई आत आल्या आणि म्हणाल्या, लेट्स कॉल इट अ डे. बाहेर पार अंधारलेलं. ह्याला दिवस म्हणू या, असं ह्या बाई का म्हणतात मला कळेना. पण मालकीण म्हणते तर म्हणू या, नाहीतरी माझ्या पदरचं काय जातं? मी म्हटलं, येस, डे. आणि पँटची शिलाई पुढे चालू. त्या बिचाऱ्या ‘आजचं काम पुरे’ म्हणत होत्या, पर्स घेऊन माझ्याकडे बघत उभ्या. दुसऱ्या एका दिवशी एक गिऱ्हाईक कोटाच्या बाहीवरून आरडाओरडा करत होतं. बाई त्याला म्हणाल्या, कीप युअर हेअर ऑन. मी मशीनमागून मान लांब करून बघितलं, म्हटलं टोप घातलाय की काय ह्या माणसाने, आणि तो पडायला आलाय? त्या त्याला नुसतं ‘डोकं शांत ठेव’ सांगत होत्या.

हे सगळं मी घरी येऊन तुझ्या दादाला सांगायची आणि तो जेवता जेवता इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा. त्याचं बरं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या टोळीत, दिवसभर चार माणसांबरोबर एका अंधाऱ्या खड्ड्यात उभा. तिथे बोलण्याशिवाय करमणूक काय? त्यामुळे त्याची भाषा माझ्या पुढे धावत होती. मग त्याने एक खेळच काढला. रोज रात्री जेवताना ‘आजचा माल’ म्हणून एक वाक्य ताटापुढे ठेवायचा आणि मी त्याला मराठीतला जोडीदार शोधायचा. एकदा म्हणाला, कोल्ड फीट. मी म्हटलं, मोजे घाल. तसं नाही गं, ऐन वेळी माणूस घाबरतो ना, त्याला म्हणतात. मग मी म्हटलं, आपले हातपाय गळतात. त्यावर तो म्हणाला, बघ, ह्यांचे पाय नुसते गार पडतात, आपले पार गळूनच पडतात, आपलं काम नेहमी मोठं. ह्यांच्या पोटात फुलपाखरं, आपल्या पोटात गोळा. महाग वस्तूसाठी हे हातपाय तोडून देतात, आपले मात्र डोळे पांढरे होतात. असं चालायचं. घर दोन खोल्यांचं, टेबलाचा एक पाय आखूड, त्याच्याखाली घडी केलेला पुठ्ठा, आणि त्या टेबलावर दोन भाषांची रोज सोयरीक जमायची.

त्याच्याबद्दल तुला मी काय सांगायचं? तुझाच तो भाऊ. लहानपणी तुझ्या बरोबरीने मीही त्याला दादा म्हणायची, आणि आमचं लग्न ठरलं तेव्हा तू मला कोपऱ्यात गाठून म्हणाली होतीस, आता जीभ आवर, नाहीतर मांडवात दादा म्हणशील. वर्षभर मी त्याला काहीच म्हटलं नव्हतं. नुसतं ‘ऐकलंस का’. ते ‘ऐकलंस का’ शेवटपर्यंत राहिलं.

आता त्या दिवसांकडे येते. तुला मी जे सांगितलं होतं ते सगळं खरं. कामावर छातीत दुखलं, मोठ्या हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, शुद्धीवर आला, माझ्याशी बोलला, आणि नंतर गेला. ह्यातली एक दुपार मात्र मी कुणालाच सांगितली नाही. लपवायची म्हणून नव्हे. ती सांगायला तोंडच उघडत नव्हतं.

त्या हॉस्पिटलच्या लिफ्ट त्याचीच कंपनी बघायची. त्यामुळे स्ट्रेचरवर आडवा, नाकात नळी, तरी ह्याचं लक्ष छताकडे. तिसऱ्या मजल्यापाशी लिफ्टने हलकासा हिसका दिला तर मला खुणेने जवळ बोलावून म्हणाला, ही दचकतेय, ब्रेक बघायला हवा. मी म्हटलं, आधी तुझा ब्रेक बघू दे त्यांना. ढकलणारा माणूसही हसला, त्याला काही न कळता. ऑपरेशननंतर सर्जन आले, उंच, खांदे पडलेले. ते मला म्हणाले, ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट. मला वाटलं गुंगीत हा काही जंगलाचं बडबडतो आहे. दुसऱ्या दिवशी तो नीट शुद्धीवर होता तेव्हा मी विचारलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, पण डोळे चमकले. म्हणाला, अगं, म्हणजे मी अजून जंगलातून बाहेर पडलेलो नाही. आजचा माल हाच. शोध जोडीदार. मी म्हटलं, अजून जीव भांड्यात पडलेला नाही. त्याला ते इतकं पसंत पडलं की त्याने ते तिथल्या नर्सला समजावून सांगायला घेतलं. भांडं, जीव, पडणं, सगळे हातवारे. ती नर्सही इथली नव्हती, तिचेही उच्चार वेगळेच. ती म्हणाली, तुमच्यात जीव भांड्यात पडला की चांगलं असतं? मग मी तुमच्यासाठी मोठं भांडं आणते.

त्याच दिवशी संध्याकाळी एक गोष्ट झाली. मी खाली जाऊन ब्रेड आणि सूप खाऊन वर आले तर त्याची खाट रिकामी. चादर ओढून नीट केलेली. त्या वॉर्डातल्या कुणालाच काही माहीत नाही. इकडे फोन, तिकडे फोन. शेवटी कळलं, त्याला कसलासा फोटो काढायला नेलं होतं आणि तिथून चुकून भलत्याच वॉर्डात पोचवलं होतं. तिथे तो मजेत पडून होता. वॉर्डाच्या मुख्य बाई ओशाळून हसल्या आणि मला म्हणाल्या, सॉरी डिअर, वुई लॉस्ट हिम फॉर अ वाइल. हे वाक्य मला एका झटक्यात कळलं. लॉस्ट म्हणजे हरवला. आम्ही त्याला जरा हरवून बसलो होतो. इतकं सोपं, पुस्तकातलं इंग्रजी! मला उलट आनंद झाला की ह्या देशात निदान एक वाक्य तरी जसं आहे तसं निघालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. काहीतरी गडबड चालू होती, यंत्रं आत नेत होते. मला एका छोट्या खोलीत बसवलं. दोन खुर्च्या, कागदी रुमालांचं खोकं, भिंतीवर समुद्राचं चित्र. बऱ्याच वेळाने एक तरुण डॉक्टर आला. त्याचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर टेकला आणि म्हणाला, आय अ‍ॅम सो सॉरी. वुई लॉस्ट हिम.

भिंगरी, मी हसले गं. मी म्हटलं, अगेन?

त्याचा चेहरा कसा झाला ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तो काही बोलणार तेवढ्यात त्याच्या खिशातलं यंत्र वाजायला लागलं. त्याने माझा हात दाबला, कुणीतरी तुमच्याजवळ येऊन बसेल असं काहीसं म्हणाला आणि पळत गेला. मला त्याचा रागच आला. म्हटलं, काल हरवला, आज हरवला, हे हॉस्पिटल आहे की बाजार? आणि तुझ्या दादाचाही राग आला, कारण मला वाटलं की आज त्याला कुणी हरवलेलं नाही, हा स्वतःच उठलाय. त्या लिफ्टच्या ब्रेकने त्याच्या डोक्यात घर केलं होतं. हा नळ्या काढून, तो मागून उघडा अंगरखा घालून निघाला असणार. तुला माहीत आहे त्याचा स्वभाव. तुमच्या घरचा पंखा आवाज करायचा म्हणून तापात फणफणलेला असताना स्टुलावर चढला होता तो. आईंनी ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं.

मी पर्स खांद्याला लावली आणि शोधायला निघाले. आधी तो कालचा दुसरा वॉर्ड. मग फोटो काढायची जागा. तिथे काचेमागच्या मुलीला मी म्हटलं, माय हजबंड इज लॉस्ट. ती चांगली होती, उठून बाहेर आली, कसा दिसतो विचारलं. मी सांगितलं, मध्यम उंची, मागून केस विरळ, चालताना डावा खांदा जरा खाली. माझ्या माणसाचं वर्णन मी इंग्रजीत पहिल्यांदाच करत होते आणि एकही चूक होत नव्हती. मग उपाहारगृह. मग फुलांचं दुकान. एका लांबच लांब गल्लीत पुढे एक माणूस सलाइनचा खांब ढकलत चालला होता, मागून हुबेहूब तोच, तोच खाली पडलेला खांदा. मी ‘ऐकलंस का’ म्हणून ओरडले. तो वळला. भलताच कुणी म्हातारा होता. त्याने मान लववली, जशी काही आमची ओळख होती.

मग मला लिफ्टची वरची खोली आठवली. गच्चीला लागून, जिथे लिफ्टचं यंत्र असतं ती. थंडीत डबा तिथेच खातो, ऊब असते, असं त्याने मला सांगितलं होतं. मी शेवटच्या मजल्यापर्यंत लिफ्टने गेले आणि तिथून लोखंडी जिना चढले. दार बंद, वर विजेच्या धोक्याची पाटी. आत यंत्राची घरघर. मी दारावर थाप मारली. आणि आतून उत्तर आलं. लोखंडावर लोखंड ठेवल्याचा आवाज. तो काम करताना पाना खाली ठेवायचा ना, अगदी तसा. थोडा वेळ शांत, मग पुन्हा तसाच.

माझा जीव असा हलका झाला! मी दाराला कान लावून उभी राहिले आणि त्याला झापायला सुरुवात केली. म्हटलं, लाज नाही वाटत? खाली सगळे शोधतायत, तो पोरगेला डॉक्टर रडकुंडीला आलाय. टाके घातलेत छातीला, शुद्ध आहे का? बाहेर ये आधी. मग जरा खालच्या आवाजात म्हटलं, मी रागावले नाहीये, ये. आतून पुन्हा पाना ठेवल्याचा आवाज. मी पायरीवर बसले. म्हटलं, बरं, कर पुरं तुझं काम, मी इथेच आहे. आणि काय काय बोलत राहिले बघ. मालकीणबाईंनी चार दिवसांची रजा दिली आहे हे सांगितलं. टेबलाचा पाय तू बरा झाल्यावर कापून सारखा कर म्हटलं. भिंगरीचा फोन आला होता, तिला सांगितलंय सगळं ठीक आहे म्हणून, असंही म्हटलं. आमच्या लग्नानंतर मी त्याच्याशी इतकं सलग कधी बोलले नसेन, कारण एरवी तो मध्ये मध्ये बोलायचा.

माझा आवाज ऐकून पहारेकरी वर आला. जाडजूड, दमलेला, किल्ल्यांचा जुडगा कमरेला. मी त्याला म्हटलं, माझा नवरा आत आहे. त्याने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. एक मोठं चाक, दोर, तेलाचा वास. तुझ्या दादाच्या कामाच्या शर्टांना यायचा तोच वास. मी म्हटलं, आवाज येत होता. तो म्हणाला, लिफ्ट थांबली की ब्रेक असा वाजतो, बाई. आणि तेवढ्यात ती खाली कुठेतरी थांबली आणि आमच्या डोळ्यांदेखत तो आवाज झाला.

तिथेच मला शोधत ती नर्स आली, भांड्याची. धावत आली असावी, धाप लागली होती. ती म्हणाली, ही इज गॉन. मी म्हटलं, हो, पण कुठे? ती म्हणाली, ही पास्ड. मला वाटलं, इथून पुढे गेला, म्हणजे हिने त्याला जाताना पाहिलंय. मी विचारलं, कुठल्या बाजूला? मग ती त्या लोखंडी पायरीवर माझ्या शेजारी बसली. तीही कधीतरी ह्या भाषेत चाचपडली असणार, म्हणून तिला कळलं असेल मी कुठे उभी आहे ते. तिने माझा हात हातात घेतला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. हिज हार्ट. स्टॉप्ड. ही इज डेड. असं इथे कुणी बोलत नाही, ते उद्धट समजतात. पण त्या दिवशी त्या अख्ख्या इमारतीत माझ्याशी माझ्या भाषेत बोललेली तेवढी एकच बाई.

मग मी त्याला पाहिलं. सगळं झालं. तुम्हाला कुणाला यायला जमलं नाही, कागदपत्रं वेळेत मिळाली नाहीत. इकडे लोकांनी कार्डं पाठवली, सगळ्यांवर एकच, सॉरी फॉर युअर लॉस. मालकीणबाई म्हणाल्या, ही इज इन अ बेटर प्लेस. म्हणजे पुन्हा जागाच! मला वाटायचं, सगळ्यांना ती जागा ठाऊक आहे आणि मलाच कुणी पत्ता देत नाही. त्या रागातच मी वाचनालयातल्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. म्हटलं, ह्यापुढे ह्या भाषेतलं एक वाक्य मला न कळता माझ्या अंगावरून जाता कामा नये. शिकवणाऱ्या बाई पूर्वी टेलिफोन ऑफिसात जोडण्या लावून द्यायच्या, आवाज असा स्वच्छ की प्रत्येक अक्षर ताटात वाढल्यासारखं. मी वाक्प्रचार घोकले. मालकीणबाई आता काहीही म्हणू देत, मी एक पाऊल पुढे असते. आणि एक दिवस फळ्यावर तो शब्द आलाच. लूज. किल्ली हरवणं, रस्ता चुकणं, सामना हरणं, माणूस जाणं, सगळ्याला तोच एक. बाईंनी विचारलं, तुमच्या भाषेत मेलेल्या माणसाला काय म्हणतात? एक बेकरीवाला होता, तो म्हणाला, आमच्यात विझला म्हणतात. एका आजीबाई म्हणाल्या, आमच्यात घर बदललं म्हणतात. माझी पाळी आली. मी म्हटलं, आमच्यात नुसतं ‘गेला’ म्हणतात. बाईंनी विचारलं, कुठे? मला हसू आलं आणि ते थांबेना, शेवटी बाईंनी पाणी दिलं.

कारण मला तू आठवलीस. तुझे आजोबा गेले तेव्हा आपण केवढ्या होतो! मोठी माणसं ‘आजोबा गेले’ म्हणत रडत होती आणि तू त्यांच्या चपला हातात घेऊन दारात उभी. म्हणत होतीस, अनवाणीच कसे गेले? कुणीतरी तुझ्या हातातून त्या ओढून घेतल्या. म्हणजे आपण तरी सरळ कुठे बोलतो? गेले, वारले, डोळे मिटले, सुटले. परक्या माणसाने ऐकलं तर विचारील, सुटले तर मग घरी कधी येणार? आणि परका कशाला? मी तुला फोन करून ‘तो गेला’ म्हटलं तेव्हा तुझ्या हातून फोन आईंनी घेतला होता. मी त्यांनाही तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, गेला? कामावर गेला का? बरा झाला म्हणजे. पुढे माझ्याने बोलवलं नाही. तू फोन काढून घेतलास आणि तू सांगितलंस. तू कुठल्या शब्दांत सांगितलंस ते मी आजवर विचारलेलं नाही.

लोक म्हणतात कळतं पण वळत नाही, तसं झालंय माझं. शब्दाचे सगळे अर्थ कळले. पण जो पहिला कळला होता तोच अंगात बसला. मी त्याला थंडगार पाहिलंय, त्याच्या कपाळाला हात लावलाय, आणि तरी माझ्या लेखी तो मेलेला नाही, हरवलाय. मेलेल्या माणसाला विसरता येत असेल. हरवलेल्याला शोधावं लागतं. गर्दीत खाली पडलेला खांदा दिसला की मी रस्ता ओलांडते. कुठल्याही इमारतीत लिफ्ट थांबली की कान टवकारते. सुट्टीच्या दिवशी कधी कधी बस पकडून त्या हॉस्पिटलात जाते, गल्ल्यांमधून हिंडते, वरच्या लोखंडी जिन्यावर जाऊन बसते. पहारेकरी आता मला हटकत नाही. आतून आवाज येतो. तो ब्रेकचा आहे हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी सांगायचं ते सांगते, आणि आवाज माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो. नेहमी थांबतो, भिंगरी. हे मी वेड लागल्यासारखं सांगत नाहीये. मी कामावर जाते, जेवते, कपडे धुते, मालकीणबाईंशी थट्टा करते. फक्त माझं शोधणं अजून संपलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. तू म्हणालीस, आई अलीकडे सगळं विसरतात. जेवल्याचं विसरतात, तुला कधी मावशी म्हणतात, आणि दादा गेल्याचंही विसरल्या आहेत. रोज उठून ‘तो कुठे आहे’ विचारतात. तू खरं सांगतेस, आणि त्या दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या कोसळतात. तासाभराने डोळे पुसून उठतात आणि पुन्हा खोल्याखोल्यांतून बघायला लागतात, कपाट उघडतात, माळ्याकडे तोंड करून हाक मारतात, रस्त्यावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. म्हणून तू बाहेरून कडी लावायला लागलीस. आणि मला विचारलंस, वहिनी, मी काय करू, रोज खरं सांगू की खोटं बोलू? जन्मभर मला टकळी म्हणत आलीस, पण परवा वहिनी म्हणालीस, तेव्हाच मला कळलं तुझा धीर सुटलाय. तर ऐक. खरं एकदा सांगायचं असतं. ते तू सांगितलंस, माझ्याने झालं नाही ते तू केलंस, आता पुन्हा नको. खोटंही बोलू नकोस. मी मालकीणबाईंशी बोलले आहे, तिकीट काढलं आहे, पुढच्या आठवड्यात तिकडे येते, आणि परतीचं काढलेलं नाही. आईंनी त्याला शेवटचं पाहिलंच नाही, त्या शोधणार नाहीत तर काय करतील? तू फक्त दाराची कडी काढ. त्या निघाल्या की चपला घालून दे आणि जाऊ दे. मी हात धरून बरोबर चालेन. त्या ज्या खोलीत म्हणतील त्या खोलीत बघू, ज्या रस्त्याला म्हणतील त्या रस्त्याने जाऊ, दमल्या की कुठेतरी पायरीवर बसू. त्यांना माझी ओळख पटली नाही तरी चालेल. त्यांना एवढंच सांग, तुमच्यासारखीच अजून एक जण त्याला शोधतेय, ती वाटेत आहे.

तुझीच, कधीची गप्प झालेली,
टकळी